मागची चाके सुटल्यावर: वेगवान गाडीची गिरकी सावरायला कसे शिकावे

वळणावर मागच्या चाकांची पकड सुटून गाडीचे शेपूट बाहेर निघाले की चालकाच्या हाती फार तर एखादा सेकंद उरतो. ताशी ८० किमी वेगाने धावणारी गाडी तेवढ्या वेळात २२ मीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे त्या क्षणी आठवून, विचार करून काही करण्याला वावच नसतो. जे अंगवळणी पडले असेल तेच हातापायांकडून घडते. हे कौशल्य वाचून येत नाही, हे खरेच. पण सरावाला जाण्यापूर्वी कोणत्या क्षणी काय करायचे आणि ते का करायचे हे नीट कळलेले असेल, तर सरावाचा दिवस आणि महागडे टायर दोन्ही वाया जात नाहीत.

नवशिक्यांचा समज असा असतो की गिरकी सावरणे म्हणजे स्टिअरिंग उलट फिरवणे. माझ्या अनुभवात तो भाग सगळ्यांत सोपा आहे. उलट फिरवलेले स्टिअरिंग वेळेवर परत आणणे त्याहून अवघड, आणि आता गाडी सावरणार नाही हे ओळखून प्रयत्न सोडून देणे सगळ्यांत अवघड. पुढील मांडणीत या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे, ती त्यामुळेच.

पकड का सुटते

रस्त्याला टेकलेला प्रत्येक टायरचा भाग तळहातापेक्षा फारसा मोठा नसतो. ब्रेक लावणे, वेग घेणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांकडूनच करून घ्यायची असतात, आणि त्यांची एकूण ताकद ठरावीक असते. ती ताकद वळण्यातच संपत आली असताना त्याच टायरकडून आणखी ब्रेकची किंवा वेगाची अपेक्षा केली, की टायर घसरू लागतो. पुढचे टायर आधी घसरले तर गाडी वळायचे नाव न घेता सरळ जाऊ लागते, त्याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचे आधी घसरले तर शेपूट बाहेर येते, तो ओव्हरस्टिअर. गिरकी म्हणजे वेळेत न सावरलेला ओव्हरस्टिअर.

मागची चाके सुटण्याची कारणे मुख्यतः दोन असतात, आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण त्यांवर पायाने करायचा उपाय वेगळा आहे. पहिले कारण जादा ताकद. मागच्या चाकांवर चालणाऱ्या दणकट गाडीत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू एम२ मध्ये, वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर घाईने दाबला की मागचे टायर जागच्या जागी फिरू लागतात आणि बाजूला धरून ठेवण्याची ताकद गमावतात. दुसरे कारण वजनाची सरकासरक. वेगात वळत असताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अचानक उचलला किंवा ब्रेकवर ठेवला की गाडी नाकावर झुकते, मागची चाके हलकी होतात आणि सुटतात. पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडीसुद्धा या कारणाने गिरकी घेऊ शकते.

पोर्शे ९११ हे या दुसऱ्या कारणाचे गाजलेले उदाहरण आहे. १९६३ साली प्रथम दाखवलेल्या या गाडीचे इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसवलेले असते आणि जवळपास ६० टक्के वजन मागच्या चाकांवर पडते. त्यामुळे वळणातून निघताना तिची पकड विलक्षण असते. पण वळणाच्या मध्यावर पाय उचलला की मागचे ते जड इंजिन लंबकासारखे बाहेर झेपावते. १९७५ च्या ९११ टर्बोमध्ये त्यात टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या, उशिराची भर पडली. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नसे आणि मग २६० अश्वशक्ती एकदम येऊन आदळत. बिचकून पाय उचलणाऱ्या चालकाची गाडी उलट तोंडाने थांबे. आजची ९११ पुष्कळ सोशिक झाली आहे, पण इंजिनाची जागा तीच आहे.

इंजिन मध्यभागी असलेल्या गाड्यांचा स्वभाव आणखी निराळा. त्यांचे वजन मध्याशी एकवटलेले असल्याने त्या चटकन वळतात आणि तितक्याच चटकन फिरतातही. पुढे इंजिन असलेली लांब गाडी सुटण्याआधी पुरेशी सूचना देते, म्हणून शिकायला ती बरी.

जागा, गाडी आणि कागदपत्रे

हा सराव सार्वजनिक रस्त्यावर करायचा नाही, मग तो पहाटे तीनचा ओस पडलेला रस्ता का असेना. मोटार वाहन कायद्याने रस्त्यावरील शर्यत आणि वेगाची चाचणी हा गुन्हा ठरवला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी रस्त्याला झाड, खांब, दुभाजक आणि समोरून येणारा माणूस असतो. त्यासाठी योग्य जागा म्हणजे स्किडपॅड: पाणी मारून निसरडा केलेला, चहूबाजूंनी मोकळा सपाट चौथरा. पाण्याचा उपयोग असा की गाडी कमी वेगात सुटते. २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर कोरड्या चांगल्या डांबरावर गाडी साधारण ताशी ४८ किमीला सुटत असेल, तर खूप निसरड्या ओल्या पृष्ठभागावर ती ३२ च्या आसपासच सुटते. शिकायची गोष्ट तीच राहते, चुकीची किंमत मात्र निम्म्याहून कमी होते, कारण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

भारतात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे येथे आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध येथे सर्किट, म्हणजे शर्यतीचे बंदिस्त मार्ग, आहेत. तेथे प्रशिक्षणवर्ग किंवा सरावाचे दिवस ठरतात तेव्हा ओल्या चौथऱ्यावरचा सराव त्यात आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे. नुसत्या वेगवान फेऱ्यांमधून गिरकी सावरणे शिकता येत नाही, फक्त गिरकी घेता येते. शेजारच्या सीटवर प्रशिक्षक बसणार आहे का, हेही विचारावे. शिवाय आपल्या गाडीची विमा पॉलिसी काढून वाचावी. सर्वसाधारण मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, आणि हे बहुतेकांना नुकसान झाल्यावरच कळते.

शक्य असेल तर पहिला दिवस स्वतःच्या ४०० अश्वशक्तीच्या गाडीवर घालवूच नये. अरुंद टायरची, मागच्या चाकांवर चालणारी, बेताच्या ताकदीची गाडी सगळे हळूहळू आणि मोठ्या अक्षरात दाखवते. स्वतःचीच गाडी असेल तर टायरची नक्षी कायद्याच्या किमान १.६ मिमीपेक्षा बरीच जास्त शिल्लक असावी आणि टायरचे वय पाहावे: बाजूवर कोरलेल्या सांकेतिक क्रमांकातील शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३२१ असेल तर तो २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत. पुष्कळ ठिकाणी ते पुढे बसवून देतात, आणि मग झिजलेले टायर मागे राहिलेली गाडी पहिल्या पावसात शेपूट टाकते.

बसण्याची पद्धत

गाडी सुटत असल्याची पहिली बातमी डोळ्यांना नव्हे तर कंबरेला लागते, म्हणून पाठ आणि मांड्या सीटला चिकटलेल्या हव्यात. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात सरळ केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे आणि ब्रेक व क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडी वाक राहिली पाहिजे. हात घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारखे समोरासमोर ठेवावेत. दारातल्या पाण्याच्या बाटल्या, मोबाइल, डिकीतला जॅक सगळे बाहेर काढावे. माझ्या पहिल्या सरावात सीटखालून घरंगळत आलेली छत्री नेमकी पेडलपाशी येऊन थांबली होती. त्या फेरीत शिकलो ते एवढेच.

इलेक्ट्रॉनिक मदतनीस आधी ओळखावा

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेमधून प्रथम विक्रीस आले. १९९७ मध्ये स्वीडनमधील अडथळा चुकवण्याच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि कंपनीने ती प्रणाली त्या स्वस्त गाडीतही सरसकट बसवली, तेव्हापासून ती सामान्यांपर्यंत पोहोचली. तिचे काम साधे आहे. स्टिअरिंग कुठे वळले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरते आहे याची ती सतत तुलना करते, आणि शेपूट निघते आहे असे दिसताच पुढच्या बाहेरच्या चाकाला एकट्याला ब्रेक लावून गाडीचे नाक परत बाहेर ओढते. माणसाला ब्रेकचे पेडल एकच असते, त्यामुळे हे कोणत्याही निष्णात चालकाला पायाने जमणार नाही.

सरावाची पहिली फेरी ही प्रणाली पूर्ण चालू ठेवूनच करावी आणि डॅशबोर्डवरचा दिवा केव्हा लुकलुकतो याकडे लक्ष द्यावे. तेवढ्यावरून आपण मर्यादेच्या किती जवळ होतो ते कळते. मग मधला, थोडी मोकळीक देणारा मोड आणि शेवटी पूर्ण बंद. अनेक गाड्यांत बटण एकदा दाबल्याने फक्त मोकळीक वाढते, पूर्ण बंद करण्यासाठी ते काही सेकंद दाबून धरावे लागते. आपल्या गाडीचे नेमके काय आहे ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

पहिला सराव: सुटणे ओळखणे

ओल्या चौथऱ्यावर खुणेसाठी मांडलेल्या शंकूंभोवती दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने फिरत राहावे आणि वेग अगदी थोडा थोडा वाढवावा. बहुतेक गाड्यांत आधी पुढची चाके सुटतात. स्टिअरिंग हातात अचानक हलके, पोकळ लागते आणि वर्तुळ मोठे होऊ लागते. येथे स्टिअरिंग आणखी वळवण्याची ऊर्मी आवरावी, कारण घसरणाऱ्या चाकाला आणखी वळवल्याने ते अधिकच घसरते. पाय किंचित सैल करावा आणि पकड परत आल्याचे हातांना जाणवेपर्यंत थांबावे. हे दहा-बारा वेळा झाले की त्याच वर्तुळावर पाय एकदम उचलून पाहावा. शेपूट निघेल. पुढच्या खेपेस वळणातच अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबून पाहावा. शेपूट याही वेळी निघेल, पण कंबरेला लागणारी चाहूल निराळी असेल: पहिल्या वेळी खाली बसलेली गाडी मागून उचलल्यासारखी वाटते, दुसऱ्या वेळी इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र पुढे जात नाही. हा फरक अंगात मुरेपर्यंत पुढे जाऊ नये.

दुसरा सराव: सावरणे

शेपूट निघाले की पहिले काम नजरेचे. जिथे जायचे आहे तिथे पाहावे, मग त्यासाठी मान वळवावी लागली तरी हरकत नाही. माणूस जिथे पाहतो तिकडे त्याचे हात वळतात, आणि गिरकीत नजर नेमकी खांबावर, भिंतीवर खिळते. माझे तेच झाले होते. संपूर्ण चौथऱ्यावर नारिंगी रंगाचा एकच शंकू माझ्या समोर होता, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहतील एवढी जागा होती, आणि तरीही पाठोपाठ तीन फेऱ्यांत मी तोच उडवला. चौथ्या फेरीला प्रशिक्षकांनी माझ्या हनुवटीला हात लावून चेहरा मोकळ्या जागेकडे वळवला आणि स्टिअरिंगबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. शंकू उभाच राहिला.

दुसरे काम हातांचे. शेपूट उजवीकडे निघाले तर स्टिअरिंग उजवीकडे, डावीकडे निघाले तर डावीकडे, आणि तेही ताबडतोब. किती फिरवायचे याचे उत्तर अंशांमध्ये देता येत नाही. गाडीचे नाक कुठेही असो, पुढची चाके गाडी प्रत्यक्ष ज्या दिशेने सरकते आहे तिकडे तोंड करून राहिली पाहिजेत. नजर योग्य जागी असेल तर हे प्रमाण हातांना बहुतेक आपोआप साधते.

तिसरे काम पायाचे, आणि येथे कारण ओळखण्याचा उपयोग होतो. जादा ताकदीमुळे शेपूट निघाले असेल तर पाय सैल करावा, पण झटकन पूर्ण उचलू नये, कारण तसे केल्यास वजन पुढे जाऊन दुसरे कारण पहिल्याच्या जागी उभे राहते. पाय उचलल्यामुळे शेपूट निघाले असेल तर उलट अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबावा, इतका की गाडी वेग घेणार नाही पण वजन मागे बसेल. मनाविरुद्ध जाणारी ही गोष्ट आहे, आणि ९११ सारख्या गाडीत तिच्याशिवाय गत्यंतर नाही. दोन्ही प्रसंगी ब्रेकपासून पाय दूर ठेवावा.

परत आणणे

स्टिअरिंग उलट फिरवल्यावर एक अगदी लहान क्षण असा येतो की शेपूट बाहेर जायचे थांबते. तेथे हात स्थिर ठेवावेत. त्या क्षणी बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंग दबलेल्या असतात आणि मागचे टायर पुन्हा पकड घेऊ पाहत असतात. पकड आली की दबलेली ती सगळी ताकद गाडीला उलट बाजूला फेकते, आणि पुढची चाके अजून वळलेलीच असतील तर त्याच दिशेने गाडीला ओढतात. दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा असतो, तिसरा बहुधा चालकाच्या हाती राहत नाही. बघ्यांना वाटते की चालकाने पहिली घसरण छान सावरली होती आणि मग गाडीला अचानक काय झाले कळले नाही. झालेले एवढेच असते की त्याने स्टिअरिंग परत आणायला पाव सेकंद उशीर केला.

म्हणून शेपूट थांबल्याचे कंबरेला कळताच, ते परत येऊ लागण्याच्या आधीच, स्टिअरिंग सरळ करायला सुरुवात करावी. याची सोपी युक्ती म्हणजे मूठ सैल करणे. पुढच्या चाकांची रचनाच अशी असते की ती आपण होऊन गाडीच्या जाण्याच्या दिशेकडे वळतात. मुठी सैल सोडल्या तर स्टिअरिंग बोटांतून सरसरत स्वतःच परत येते आणि चालकाने ते फक्त योग्य जागी धरायचे असते. घट्ट आवळलेल्या मुठी या मदतीच्या आड येतात. एका फेरीनंतर तळहात पाहावेत: कडेचे ठसे उमटले असतील तर पकड फार घट्ट होती.

सोडून देणे

स्टिअरिंग शेवटपर्यंत उलट फिरलेले आहे आणि तरीही नाक वळतेच आहे, किंवा गाडीची जाण्याची दिशा पुढच्या काचेतून नव्हे तर बाजूच्या काचेतून दिसते आहे, तर सावरण्याचा काळ संपला. बहुतेक गाड्यांची पुढची चाके ३५ ते ४० अंशांच्या पलीकडे वळत नाहीत. घसरण्याचा कोन त्याहून मोठा झाला की उरलेला फरक भरून काढायला हातांकडे काही नसते. तेथे दोन्ही पाय खाली घालावेत, क्लच तळापर्यंत आणि ब्रेक पूर्ण ताकदीने, आणि गाडी थांबेपर्यंत उचलू नयेत. ऑटोमॅटिक गाडीत अर्थातच फक्त ब्रेक.

क्लच अशासाठी की गाडी उलटी सरकू लागली तर गिअरमध्ये अडकलेले इंजिन उलटे फिरवले जाऊ नये, आणि ते बंदही पडू नये. ब्रेक धरून ठेवण्याचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चारही चाके ब्रेकखाली घसरत असतात तोवर गाडी कितीही गरगर फिरली तरी तिचा मध्य जवळजवळ सरळ रेषेत जात राहतो, आणि मागून येणाऱ्यांना ती कुठे जाणार हे दिसते. अर्ध्या गिरकीत ब्रेक सुटला की चाके पुन्हा पकड घेतात आणि नाक ज्या दिशेला असेल तिकडे, कदाचित भिंतीकडे, कदाचित सर्किटच्या मधोमध, गाडी झेपावते. सर्किटवरचे वाईट अपघात अनेकदा गिरकीचे नसतात, अर्धवट सोडलेल्या ब्रेकचे असतात. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी प्रणाली, असलेल्या गाडीतही ब्रेक शेवटपर्यंत धरावा.

गाडी मागे सरकू लागली तर स्टिअरिंग एकदम झटक्याने फिरण्याचा धोका असतो, म्हणून अंगठे स्टिअरिंगच्या कडेच्या आत अडकवलेले नसावेत. पूर्ण थांबल्यावर ब्रेक तसाच धरून, पट्टा न सोडता दोन्ही बाजूंना पाहावे आणि मार्शलच्या, म्हणजे सर्किटवरील सुरक्षा कर्मचाऱ्याच्या, झेंड्याच्या इशाऱ्याची वाट पाहावी. गाडीतून उतरणे हे आग लागल्याशिवाय करू नये. पिटमध्ये, म्हणजे सर्किटलगत गाड्या थांबवायच्या जागेत, आल्यावर टायरांमध्ये खडी अडकली आहे का आणि ब्रेकने घासून त्यांवर सपाट चट्टे पडले आहेत का, ते पाहावे. तसे चट्टे पडलेला टायर वेगात थरथरतो आणि मग तो बदलावाच लागतो.

ही शरणागती स्वतंत्रपणे, मुद्दाम शिकावी लागते. प्रशिक्षकाला सांगून पंधरा-वीस वेळा नुसते फिरवून घ्यावे आणि दर वेळी पाय खाली घालावेत. सावरण्याच्या सरावाने फुशारलेला माणूस शेवटच्या क्षणापर्यंत झुंजत राहतो आणि ब्रेकच्या वाट्याला काही मीटरही उरू देत नाही.

किती आणि कसा सराव

एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त सराव करू नये. डोके गरगरते, कपाळाला घाम येतो आणि हात उशिरा हलू लागतात, हे चालकाच्या आधी प्रशिक्षकाला कळते. दोन खेपांच्या मध्ये टायर आणि ब्रेक थंड होऊ द्यावेत. घरातल्या सिम्युलेटरवर नजर वळवण्याची आणि मूठ सैल सोडण्याची सवय उत्तम लागते. कंबरेला मिळणारी बातमी मात्र तिथे मिळत नाही, म्हणून सिम्युलेटर चौथऱ्याला पर्याय होत नाही.

रस्त्यावर यातले काय उपयोगी

जूनमधल्या पहिल्या सरींनी घाटातला रस्ता उन्हाळाभर साचलेली धूळ, डिझेलचे थेंब आणि तेल वर आणतो, आणि कोकणात कडेची तांबडी माती डांबरावर उतरते. त्या रस्त्यावर हा सराव उपयोगी पडतो तो मुख्यतः चाहूल लवकर लागण्यासाठी. स्टिअरिंग पोकळ लागले की पाय हळू सैल होतो, वळणात ब्रेकवर जात नाही. साचलेल्या पाण्यावर चाके तरंगली तर स्टिअरिंग सरळ धरून पाय सैल करावा आणि चाकांना पुन्हा रस्ता लागेपर्यंत काही वळवू नये. समोर अडथळा आला तर एबीएसवर भरवसा ठेवून ब्रेक पूर्ण दाबावा आणि मोकळ्या जागेकडे पाहत वळावे; शेपूट निघालेच तर ईएससी चालकाच्या आधी काम सुरू करते. सर्किटवरून घरी निघण्यापूर्वी ती प्रणाली पुन्हा चालू झाली आहे ना, तिचा बंद असल्याचा दिवा विझला आहे ना, हे पाहावे आणि टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासून नेहमीच्या आकड्यावर आणावी.